कुत्री म्हातारी होऊ लागली तेव्हा

भाद्रपदात कुत्री माजावर येतात, हे कोकणात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. रात्रभर वाडीवाडीतून भांडणं चालतात, लोक दगड मारून हाकलतात आणि गौरी-गणपती गेले की तो गोंधळ हळूहळू निवतो. त्यापुढचा भाग मात्र कुणी पाहत नाही. दिवाळीच्या आगेमागे, भात घरात येत असताना, एखाद्या घरची आठ-दहा वर्षांची कुत्री अचानक पाण्यावर तुटून पडते. डोणीतलं पिते, मोरीतलं पिते, रात्री उठून पिते. जेवण सोडते. जन्मात कधी घरात घाण न केलेली कुत्री ओटीवर मुतते आणि घरचे म्हणतात, म्हातारी झाली, आता तिला ताळ राहिला नाही. मग उलट्या सुरू होतात. शेपटीखालचे केस चिकटलेले दिसतात, कधी तेही दिसत नाहीत. आठवड्याभरात ती खळ्याच्या कडेला जाऊन पडते ती उठत नाही.

हा गर्भाशयात पू होण्याचा आजार. डॉक्टर त्याला पायोमेट्रा म्हणतात. माज ओसरल्यावर कुत्री गाभण राहो वा न राहो, गर्भ धरून ठेवणारं संप्रेरक तिच्या अंगात दोन महिने टिकून असतं. दर माजाला त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, वयाबरोबर त्यात पाण्याच्या बारीक पिशव्या धरतात, आणि आतड्यातले नेहमीचे जंतू वर चढून तिथे शिरले की पू साठायला वेळ लागत नाही. जंतूंचं विष मूत्रपिंडावर उतरतं आणि पाणी राखून ठेवण्याची त्याची ताकद जाते. म्हणून लघवी वाढते आणि ती भरून काढायला तहान वाढते. दुखणं गर्भाशयाचं, पण पहिली खूण लघवीची. माझ्या धंद्यात म्हाताऱ्या कुत्र्याचे बहुतेक आजार असेच लघवीच्या वाटेने तोंड दाखवतात.

माझी पशुवैद्यकाची नोकरी बरीचशी चिपळूण तालुक्यात झाली आणि निवृत्तीनंतर मी त्याच तालुक्यातल्या अलोऱ्यात राहिलो. सुरुवातीच्या वर्षांत हा आजार माझ्यापुढे जवळजवळ आलाच नाही. पुढे दर दिवाळीला येऊ लागला. कुत्रीच्या शरीरात मधल्या काळात काही बदललं नव्हतं. कुत्रं म्हातारं होईपर्यंत जगणं, आणि म्हातारं झालेलं कुणाला तरी दिसणं, हे नवीन होतं. या आजारांचा आमच्या भागातला इतिहास मला तिथून सुरू झालेला दिसतो.

पूर्वी गावच्या कुत्र्याला म्हातारपण कुठलं? पिल्लं पहिल्याच पावसाळ्यात डिस्टेंपरने जायची. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत बिबट्या पडवीतून कुत्रं उचलून न्यायचा, आजही नेतो. पिसाळलेलं कुत्रं आलं की त्याच्याबरोबर चार चांगलीही मारली जायची. शहरात तर मारण्याचं काम सरकारच करायचं. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत बेवारस कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या मोहिमेवरून पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर लोक त्यात सामील झाले, बाजार बंद पडले आणि सैन्याची रसदही अडली. कुत्र्याच्या जिवासाठी एक आख्खं शहर थांबल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. पण तो झगडा कुत्र्याच्या जगण्याचा होता. त्याच्या दुखण्यापर्यंत पोचायला अजून बराच अवकाश होता.

राजेरजवाड्यांच्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त शिकारी कुत्र्यांसाठी स्वतंत्र भाग आहे. घाट चढून कराडमार्गे साताऱ्याला गेलात तर संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. मला तिथे उभं राहिल्यावर नेहमी वाटतं की पराक्रम सांगितला गेला, समाधी बांधली गेली, पण खंड्या शेवटी कशाने गेला, त्याचं उठणं-बसणं, खाणं-पिणं शेवटच्या वर्षात कसं होतं, त्याला कुणी काय औषध दिलं, हे कुणी सांगत नाही. एवढ्या लाडक्या जनावराच्या बाबतीतही दुखण्याची आठवण राहिली नाही.

पशुवैद्यकीचा सरकारी धंदा इकडे आला तो घोड्यासाठी आणि बैलासाठी. पलटणीला घोडा हवा होता, आणि बुळकांडीने गुरांचे कळप बसत होते. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली ती गुरांच्या साथींसाठी. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. त्याआधी तीन वर्षं, १८८६ मध्ये, परळला बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. आवार बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या इस्पितळाचं. या इस्पितळात कुत्र्याला पहिल्यापासून दार उघडं होतं, आणि पश्चिम भारतात कुत्र्याच्या वैद्यकीचा धागा धरायचा तर मी तो तिथूनच धरीन.

मी त्याच कॉलेजात १९७० च्या दशकाच्या अखेरीला शिकलो. तेव्हा ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होतं, त्यामुळे शिक्षण मुंबईचं आणि पदवी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची. शिकताना भर गाय-म्हशीवर. गाभण काळ, वार अडकणं, कासेचा दाह हे सगळं तोंडपाठ. कुत्र्याचं प्रात्यक्षिक मात्र इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागातच मिळायचं. मुंबईची माणसं म्हातारी कुत्री टॅक्सीत घालून आणायची आणि आम्ही जिल्ह्यातून आलेली पोरं ते बघत राहायचो. गर्भाशयात पू झालेली कुत्री टेबलावर मी पहिल्यांदा तिथे पाहिली. पोट उघडल्यावर गर्भाशयाची दोन शिंगं पडवळासारखी फुगून, वळसे घेऊन बाहेर आली. एरवी ती शिंगं पेन्सिलीहून बारीक असतात. शिकवणाऱ्या सरांनी एकच बजावलं: हळू उचला, फुटलं तर संपलं.

नोकरीत आल्यावर त्या ज्ञानाचा उपयोग कुठे करायचा हा प्रश्नच होता. आमच्या दवाखान्याला लोक गुरांचा दवाखाना म्हणत आणि तो तसाच होता. फऱ्या-घटसर्पाच्या लसी, बैल खच्ची करायचा चिमटा, कृत्रिम रेतन. कुत्रं यायचं ते कुणाला चावल्यावर.

बदल आला तो कोयनेच्या पाण्याबरोबर, असं मी म्हणतो. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्री पार करून पोफळीच्या भूमिगत वीजघरात उतरतं, तिथली वीज १९६२ पासून सुरू झाली. तिथून ते पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येतं आणि पुन्हा वीज करून वाशिष्ठीला मिळतं. या कामांसाठी अलोऱ्यात वसाहत उभी राहिली. घाटावरची, विदर्भातली, खानदेशातली माणसं क्वार्टरमध्ये राहायला आली. त्यांच्या दारात खळं नव्हतं, गोठा नव्हता, राखण करायला काही नव्हतं. कुत्रं पाळलं ते सोबतीला, आणि ते घरात राहिलं. १९८० च्या सुमारास पांढरी पॉमेरियन जागोजाग दिसू लागली, एखाद्या साहेबांकडे अल्सेशियन. त्यांना लस टोचलेली असायची, दूध-भात मिळायचा, रात्री दार बंद असल्याने बिबट्याचं भय नव्हतं. ती दहा, बारा वर्षं जगली. गाद्यांवर, सतरंज्यांवर झोपली, म्हणून त्यांचा एक थेंबही कुणाच्या नजरेतून सुटला नाही. अंगणात मुतणाऱ्या कुत्र्याची लघवी लाल आहे की पिवळी हे कोकणच्या पावसात कोण बघणार? फरशीवर सांडली की दिसते. त्या फरशीने मला रोगी मिळवून दिले.

बदली झाली की काही कुटुंबं कुत्रं मागे सोडून जायची. शेजारच्या गावातल्या घरांनी त्यातली कितीतरी ठेवून घेतली आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायची सवयही वसाहतीच्या कुंपणाबाहेर गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

डॉक्टरच्या आधी घरचे उपाय असायचेच. लघवी अडली की ओटीपोटावर पळसाच्या उकडलेल्या फुलांचा शेक, खडा असेल म्हणून कुळथाचं कढण. माणसाला जे, तेच कुत्र्याला. कुळथाने मूत्राशयातला खडा विरघळलेला मी पाहिला नाही. पण त्या कढणाच्या निमित्ताने कुत्र्याच्या पोटात पाणी जायचं आणि लघवी पातळ व्हायची, एवढा फायदा निश्चित. शेकाचा धोका एकच, अडलेलं कुत्रं त्यात एक-दोन दिवस घालवायचं. मूत्रमार्ग खड्याने बंद झालेल्या कुत्र्याला तेवढेही दिवस नसतात.

मुंग्यांची खूणही जुनी जाणती माणसं सांगायची. म्हातारी कुत्री जिथे मुतते तिथे मुंग्या धरल्या तर लघवीत साखर. यात तथ्य आहे, आणि त्यामागे कुत्र्याचं मोठं देणं आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर आढळली. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे त्यातून कळलं आणि १९२१ मध्ये टोरांटोला इन्सुलिन हाती आलं तेही कुत्र्यांवरच्याच प्रयोगांतून. ते इन्सुलिन कुत्र्याच्या स्वतःच्या मधुमेहासाठी आमच्या तालुक्यात वापरलं जायला किती दशकं गेली, याचा विचार केला की वाईट वाटतं. म्हाताऱ्या, गर्भपिशवी न काढलेल्या कुत्रीत हा मधुमेह माजानंतर डोकं वर काढतो. पुवाचा आजार आणि मधुमेह दोघांचीही तहान सारखीच, म्हणून आधी लघवी तपासायची, मग पोटाला हात लावायचा.

नर कुत्र्याचं देणं याहूनही थेट आहे. खच्ची न केलेला नर सहा-सात वर्षांपुढे गेला की त्याची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. ही ग्रंथी माणसाप्रमाणे वयाबरोबर वाढते असं पाळीव जनावरांत कुत्रंच. फरक असा की माणसात ती आत दाबते आणि लघवी अडते. कुत्र्यात ती बाहेर फुगून गुदद्वाराच्या वाटेवर रेलते, म्हणून कुत्रं शौचाला कुंथतं, विष्ठा चपटी पडते आणि लघवीशी संबंध नसताना रक्ताचे थेंब गळतात. घरचे बद्धकोष्ठ समजून एरंडेल देतात. बोट घालून पाहिलं की उलगडा होतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९३९ पासून कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करून दाखवलं की अंडकोष काढले की ग्रंथी आटते. त्या जोरावर १९४१ मध्ये त्यांनी माणसाच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर तोच उपाय केला आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज माणसांच्या इस्पितळांत त्या आजारावर जे संप्रेरकाचे उपचार होतात, त्यांच्या मुळाशी म्हातारी कुत्री आहेत. आणि आमच्याकडे? बैल खच्ची करायला न कचरणारा शेतकरी कुत्र्याचं नाव काढलं की मान हलवायचा. राखणीतलं जाईल, म्हणायचा. समजूत घालून अंडकोष काढले, तर महिन्या-दोन महिन्यांत कुंथणं थांबायचं. राखण करणारं कुत्रं राखण करतच राहायचं.

रक्त गळण्याचं आणखी एक कारण असतं आणि त्याच्या इतिहासासारखा चमत्कारिक इतिहास मला वैद्यकात दुसरा माहीत नाही. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालबुंद गाठ येते. ती संभोगातून पसरते, म्हणून भाद्रपदानंतर दिसायला लागते. थेंब थेंब रक्त पडतं आणि लोक लघवीतून रक्त जातं म्हणून आणतात. १८७६ मध्ये रशियात नोविन्स्की यांनी ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. पुढे कळलं की इथे जंतू पसरत नाही, कर्करोगाच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. जगभरच्या कुत्र्यांतल्या या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आल्या आहेत. ते कुत्रं केव्हाच गेलं, त्याच्या पेशी अजून अलोऱ्याच्या वाडीतल्या कुत्र्याच्या अंगावर वाढतात.

आणि औषध? औषध आपल्या तुळशीवृंदावनाशेजारी. सदाफुली मूळची मादागास्करची, पण कोकणात तिच्याविना अंगण नाही. मधुमेहावर तिची पानं चावायची रीत अनेक देशांत आहे, आपल्याकडेही. कॅनडात नोबल आणि बीअर यांनी १९५० च्या दशकात तीच समजूत तपासायला तिचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन पुढे आलं आणि त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते वाचवू लागलं. कुत्र्याच्या या गाठीवर ते इतकं लागू पडतं की मला आजही प्रत्येक वेळी आनंद होतो. आठवड्याला एक इंजेक्शन, चार ते सहा आठवडे. पानं चावून किंवा वाटून लावून यातलं काही होत नाही, उलट झाड विषारी आहे.

ते इंजेक्शन देणं हे निवांतपणे करायचं काम आहे. पुढच्या पायाची शीर, केस काढून स्पिरिटने पुसलेली. आधी सलाईन सोडून सुई शिरेतच आहे याची खात्री करायची, मग औषध सावकाश. एक थेंब शिरेबाहेर गेला तर तिथलं मांस सडतं. म्हणून कुत्र्याला घरचंच माणूस धरायला हवं, ज्याच्या आवाजाने ते शांत राहील. दुसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबतं. तिसऱ्या-चौथ्याला गाठ सुकून बसलेली असते. मधूनमधून पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या.

म्हाताऱ्या मूत्रपिंडाला मात्र असा कुठला पाला सापडलेला नाही. मूत्रपिंडाचा दोन-तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी पाण्यासारखी पातळ होते, आणि रक्तातलं क्रिएटिनिन चढतं ते सुमारे तीन-चतुर्थांश गेल्यावर. म्हणजे रक्ताआधी लघवी सांगते. हे मूत्रपिंड आमच्याकडे दोन गोष्टींनी लवकर जातं. एक लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरा जंतूचा आजार. भाताच्या खाचरात, उंदरांच्या मुतात, पुराच्या पाण्यात तो जंतू असतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर माणसांच्या तापाइतकीच मला कुत्र्यांच्या पिवळ्या डोळ्यांची काळजी होती. त्यावर लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते. दुसरी गोष्ट घरातल्या दुखण्याच्या गोळ्या. म्हातारं कुत्रं लंगडतं म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी पोळीत घालून देतात. ते औषध टोचलेल्या मेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं गेली आणि आकाश रिकामं झालं, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडालाही ते झेपत नाही. माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

शस्त्रक्रियेचं भय आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही. आम्ही थायोपेंटोनवर भूल द्यायचो, म्हातारं जनावर जागं होईपर्यंत छातीवरचा हात काढवत नसे. आता शहरांतून वायूची भूल आहे, सोनोग्राफीने पोट उघडण्याआधीच पू दिसतो, आणि गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर काही कुत्र्यांत औषधांवर निभावतं. तरीही पिशवी काढणं हाच खात्रीचा उपाय, आणि तो तरुणपणी केला तर पुवाचा प्रश्नच उरत नाही. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत दहा वर्षांच्या आत जवळजवळ चौथा हिस्सा कुत्र्यांना हा आजार झालेला आढळला. तिथे पिशवी काढायची पद्धत कमी, म्हणून तो आकडा दिसला. वाड्या-वाड्यांतून नसबंदी होऊ लागली तर पुढच्या पिढीच्या पशुवैद्यकाची दिवाळी मोकळी जाईल.

हल्ली मी माझ्याकडे येणाऱ्यांना एवढंच करायला लावतो. कुत्रं सात वर्षांचं झालं की तांब्याने मोजून पाणी ठेवा. पंधरा किलोचं कुत्रं दिवसाला दीड लिटरच्या वर पीत असेल तर आजार आहे असंच धरा. पावसाळ्यात ते पागोळीचं, डबक्यातलं पितं, तेव्हा माप चुकतं, म्हणून त्या दिवसांत लघवीवर नजर ठेवा. माज कधी संपला त्या तारखेला कालनिर्णयावर खूण करा आणि पुढचे दोन महिने रोज शेपटी उचलून बघा. सकाळची पहिली लघवी स्वच्छ धुतलेल्या, वाळवलेल्या बाटलीत धरून आणा. वेळ लागणार असेल तर बाटली बर्फात घाला. कुत्रं आलं नाही तरी चालेल, बाटली आधी येऊ द्या.